शंकरपाळ्यांचा फ्लोचार्ट

३ सप्टेंबर

लॅपटॉप हरला, मी जिंकले!

तळमजल्यावरची यशश्री दुपारी लॅपटॉप काखेत मारून वर आली. गोविंदराव आणि आनंदीची मुलगी, बावीस वर्षांची. जन्मापासून दिसत नाही, पण जिना अशी चढते की कठडा धरायची वेळ माझ्यावर येते. सी.ए.चं इंटर करतेय. तिचा लॅपटॉप बोलतो – पुस्तक घातलं की इंग्रजीत घडाघडा वाचून दाखवतो. आज वैतागून आली होती. म्हणाली, काकू, हा गाढव आकृती आली की नुसतं "ग्राफिक" म्हणतो आणि पुढे पळतो. ऐकून बघितलं. खरंच की! पानभर चित्र, आणि हा पठ्ठ्या एका शब्दात मोकळा.

म्हटलं, आण इकडे. बालवाडीत बावीस वर्षं चित्रं दाखवून गोष्टी सांगितल्यात मी. तुझं पुस्तक काय मोठं लागून गेलंय!

पुस्तक उघडलं आणि बोबडी वळली. चौकोन, चौकोनातून बाण, बाणापुढे तिरका चौकोन, त्यातून आणखी दोन बाण! इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. नुसतं नाव घेताना दम लागतो. पण "उद्या चारला ये" असं तोऱ्यात सांगून बसलेय.

४ सप्टेंबर

सकाळी भाजीवाल्याकडे आनंदी भेटली. तिच्याकडून खरी गोष्ट कळली.

मे महिन्यात यशश्रीचा दुसरा ग्रुप, म्हणजे तीन पेपर, गेला, तो या एकाच पेपरानं. बाकी दोन्हीत चांगले मार्क, यात एकतीस. चाळीस लागतात. शिवाय तिन्ही मिळून दीडशे हवेत. एक पडला की तिन्ही पुन्हा! गोविंदराव रेल्वेत आहेत, दोन वर्षांनी रिटायर होणार. त्यांनी सांगून टाकलंय – नोव्हेंबरला निघालं तर निघालं, नाहीतर रेल्वेत टेलिफोनवर जागा निघतायत, तो फॉर्म भरायचा. वाईट माणूस नाही हो. आपण असेपर्यंत पोरगी मार्गी लागावी, एवढंच त्यांचं.

पण पोरीला टेलिफोनवर नाही बसायचं. तिला कारखान्यांत ऑडिटला जायचंय! मागे ती शिकाऊ म्हणून जाते त्या सी.ए.च्या ऑफिसबरोबर सावली गावच्या एका कारखान्यात गेली होती. तिथला स्टोअरकीपर म्हणाला, सगळा माल मोजलाय. हिनं नुसत्या आवाजावरून ओळखलं की मोजलेला नाही. साहेबांनी पुन्हा मोजायला लावला, आणि नव्हताच मोजलेला. ही गोष्ट सांगताना आनंदीच्या हातातली मेथी खाली पडली.

तर नोव्हेंबर. अडीच महिने.

७ सप्टेंबर

आज स्ट्रॅटेजीचा अर्धा भाग सुरू केला. तो लॅपटॉप वाचू शकतो. पण यशश्री म्हणते, तो वाचतो तेव्हा मला झोप येते, तुम्हीच वाचा. मी वाचते ते बालवाडीसारखंच वाचते, दुसरं येतच नाही. कंपनी म्हणजे सिंह, प्रतिस्पर्धी म्हणजे कोल्हा – प्रत्येकाचा आवाज वेगळा. "थ्रेट" आला की आवाज खाली, "अपॉर्च्युनिटी" आली की वर. बाजारात नवीन कंपनी शिरते त्या वाक्याला मी दारावर टकटक केली, तर स्वयंपाकघरातून बळवंतराव धावत आले – कोण आलंय म्हणून!

(बळवंतराव म्हणजे आमचे हे. तोंडावर "अहो", वहीत बळवंतराव. एकतीस वर्षं रिफायनरीत काढली, आता माझ्या राज्यात आहेत.)

म्हणाले, गणपतीतलं नाटक संपलं वाटतं तुझं, म्हणून हे नवीन सुरू केलंस. म्हटलं, प्रेक्षक खूश आहे, तुम्ही चहा टाका. टाकला.

१० सप्टेंबर

फ्लोचार्ट काही जमत नाही. तळहातावर बोटानं काढून दाखवला – दुसरा चौकोन काढेपर्यंत पहिला पुसला जातो. तोंडी सांगितला – पाचव्या बाणाला मीच हरवले. यशश्री शांतपणे म्हणाली की मे महिन्यात हेच झालं होतं. कोणीतरी तोंडी सांगितलेलं पाठ केलं आणि पेपरात आकृतीचा प्रश्न सोडून दिला. असे दोन प्रश्न सोडले.

डोकं दुखतंय.

१२ सप्टेंबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

गौरीच्या फराळातले शंकरपाळे उरले होते, चहाबरोबर तिच्यापुढे ठेवले. तिनं एक उचलला, तोंडात घालायच्या आधी बोटांत फिरवला. पुन्हा फिरवला. म्हणाली, काकू, पुस्तकात डिसिजनचा आकार असाच असतो का? चार कोपरे, पण टोकावर उभा?

अगं बाई! असाच असतो!

मग काय, डबे खाली आले. निर्णयाला शंकरपाळा. कामाच्या चौकोनाला ग्लुकोजचं बिस्कीट. सुरुवात आणि शेवटाला खारी शेंग, ती मुळातच लांबट गोल. पान बदलतं तिथं गोल खूण असते, तिला बाकरवडी. माहिती आत घ्यायची किंवा बाहेर काढायची तो तिरपा चौकोन तेवढा अडला. ढोकळा तिरपा कापून बघितला, पोरीची बोटं चिकट. शेवटी खाखरा सुरीनं तिरपा तोडला. झकास! आणि बाणांना लोकर. "हो"चा बाण जाड लोकरीचा, "नाही"चा सुतळीचा.

मोठ्या परातीत पहिला फ्लोचार्ट मांडला. यशश्रीनं दोन्ही हात हलकेच फिरवले – शेंग, खाखरा, बिस्कीट, शंकरपाळा, मग उजवीकडे लोकर, खाली सुतळी. पुन्हा फिरवले. आणि सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. बाणाबाणानं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, वहीत काय लाजायचं.

१३ सप्टेंबर

बळवंतरावांनी एक डिसिजन खाल्ला. त्यामुळे पगारपत्रकाचा फ्लोचार्ट मध्येच खुंटला. विचारलं तर म्हणतात, मला काय माहीत, परातीत होता! आता परातीवर जाळी ठेवते.

२० सप्टेंबर

आज एक मॅट्रिक्स. चार घरं, आणि धंदे त्यात वाटायचे – तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह, कुत्रा. बालवाडीतून रिटायर झाले आणि इथं पुन्हा गाय आणि कुत्रा! इतक्या मोठ्या लोकांनी हे लिहून ठेवलंय याचा मला फार आनंद झाला. गाय हंबरून दाखवली. खालच्या मजल्यावरून आनंदीनं फोन करून विचारलं की सगळं ठीक आहे ना.

मग यशश्री म्हणाली, उदाहरणाशिवाय लक्षात राहत नाही. म्हणून बळवंतरावांचा SWOT केला. ताकद – राग येत नाही. दुर्बलता – ऐकू येऊनही ऐकत नाहीत. संधी – सध्या पूर्ण वेळ मोकळे. धोका – मी! त्यांनी आतून ऐकलं आणि बाहेर येऊन धोक्याला नमस्कार केला. यशश्री एवढी हसली की ठसका लागला.

२६ सप्टेंबर

नवरात्र सुरू. यशश्री सोसायटीच्या गरब्यात बिनदिक्कत खेळते. टाळीवरून तिला गोल कळतो. काल मी तीन फेऱ्यांत गुडघा धरून बसले, ती बारापर्यंत नाचली. आज अभ्यासाला दोघी लंगडत.

पण तीन प्रकरणं झाली! आणि बाजारातल्या पाच शक्ती आम्ही बाकरवडीच्या दुकानावर बसवल्या. शेजारी नवीन दुकान निघालं, गिऱ्हाईक घासाघीस करतंय, बेसनवाला अडून बसलाय, लोक बाकरवडी सोडून फळं खायला लागलेत, आणि समोरचा जुना दुकानदार तर आहेच. बेसनवाल्याचा आवाज मी असा घोगरा काढला की यशश्री म्हणाली, पेपरात सप्लायर आला की हाच माणूस आठवणार.

५ ऑक्टोबर

ऑफिसातून येतानाच यशश्री वर आली, पर्स खांद्यालाच. तिच्यासाठी पेपर लिहायला बसणारी मुलगी या वेळी नाही, तिचं लग्न ठरलंय. मे महिन्यात तिनंच लिहिला होता. हिला प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग सांगत बसावं लागलं होतं. लेखनिक ज्याचा त्यानं शोधायचा, आणि त्यानं कॉमर्स शिकलेलं नसावं. मदत होऊ नये म्हणून. बरोबरच आहे.

मग म्हणाली, "काकू, आपल्या या पेपराला तुम्ही बसाल?"

मी होमसायन्सची. कॉमर्सचा वाराही लागलेला नाही. अक्षर चांगलं. इंग्रजी ठीकठाक. बसेन की! हो म्हणून टाकलं. बळवंतराव म्हणाले, लिहिशील गं सुंदर, पण चार तास तोंड बंद ठेवशील का?

(पेपर तीन तासांचा. तिला एक तास जास्त मिळतो. म्हणजे माझीही परीक्षा एक तास जास्त.)

६ ऑक्टोबर

सराव. ती सांगणार, मी लिहिणार. विचारलं तरच वाचून दाखवणार. बाकी चूप.

पहिल्या दहा मिनिटांत माझ्या तोंडून एकदा "अगं", दोनदा "हं" आणि एकदा "अय्या" गेलं. बळवंतराव सुपरवायझर होऊन खुर्चीत बसले होते, अशा प्रत्येक आवाजाला वाटीत एक शेंगदाणा टाकत होते. यशश्री कडक. म्हणाली, काकू, मी चुकीचं सांगितलं तर चुकीचंच लिहायचं. तुम्ही नुसता श्वास घेतलात तरी ती मदत झाली. माझा पेपर माझा असला पाहिजे.

बावीस वर्षांची पोर मला दम देते. आणि मला ते आवडतं.

११ ऑक्टोबर

वाटीत चार शेंगदाणे.

१६ ऑक्टोबर

वाटी रिकामी! बळवंतरावांनी उठून हात मिळवला. लेखनिकाचा माझा फॉर्मही मंजूर होऊन आला, फोटोसकट. फोटोत मी गुन्हेगार दिसते.

२३ ऑक्टोबर

दिवाळी. या वर्षी शंकरपाळे चार किलोचे केले, सगळे एका मापाचे – पट्टी लावून कापले! बळवंतरावांनी तळले. दुपारी आनंदी तिच्याकडची बाकरवडी घेऊन आली. समोरच्या गुजराती बेन खाखऱ्याचा डबा देऊन गेल्या, फोडायला म्हणून. त्यांना वाटतं की मराठी लोकांत दिवाळीला खाखरे फोडायची काहीतरी रीत असते. मी समजूत घातली नाही.

गोविंदरावही आले. आमच्या घरी पहिल्यांदाच. हॉलभर वर्तमानपत्रं पसरून आम्ही लायब्ररीचा फ्लोचार्ट मांडला होता, बारा शंकरपाळ्यांचा. पुस्तक मागणारा सभासद आहे का, पुस्तक आत आहे का, आधीचं परत केलंय का. यशश्री गुडघ्यांवर सरकत सरकत आमच्या सोफ्यापासून दारापर्यंत गेली, बोलत बोलत. दारात गोविंदराव उभे होते. "शेवट" म्हणून शेंगेला हात लावला तो त्यांच्या चपलेशेजारीच.  खाली बसले आणि सुरुवातीपासून त्यांनीही बोट फिरवायला घेतलं, डोळे मिटून. तिसऱ्या शंकरपाळ्याला चुकले! यशश्रीनं हात धरून पुढे नेलं.

जाताना एवढंच म्हणाले, "फॉर्मची तारीख फेब्रुवारीत आहे." कसं घ्यायचं ते? मी चांगलंच घेतलं.

१ नोव्हेंबर

एक वाईट गोष्ट लक्षात आली. मला सगळं यायला लागलंय!

आज ती उजळणी करताना मध्येच थांबली आणि पुढचं वाक्य माझ्या डोक्यात तयार! नेटवर्कचे प्रकार, डेटाबेसच्या किल्ल्या, धोरण बनवायच्या पायऱ्या – सगळं. सत्तावन्नाव्या वर्षी! आनंद झाला, पण धोकाही कळला. काही येत नव्हतं तेव्हा गप्प बसणं सोपं होतं. आता जिभेला कुलूप कुठून आणू?

बळवंतरावांना सांगितलं. म्हणाले, आणलंस तर किल्ली मला दे.

९ नोव्हेंबर

पहिल्या दोन पेपरांना ऑफिसातल्या एका मैत्रिणीची आई लिहायला बसतेय. एक झाला, बरा गेला. दुसराही निभेल म्हणते. आमचा शेवटचा, चौदाला.

१४ नोव्हेंबर

झाला पेपर. हात दुखतोय. आज लिहिणार नाही.

१५ नोव्हेंबर

लिहितेच. नाहीतर हे डोक्यातून जाणार नाही.

आम्हाला वेगळी खोली दिली होती. एक सुपरवायझर बेन, भिंतीवर घड्याळ, आम्ही दोघी. बेन म्हणाल्या, शरू करो. मी प्रश्नपत्रिका वाचली – सगळी, एका आवाजात नाही, माझ्या नेहमीच्या आवाजात. प्रश्न वाचायला आवाजाची बंदी नाही ना! सप्लायरचा प्रश्न आला तेव्हा घोगरं मात्र वाचलं नाही. यशश्रीच्या ओठांवर तरी हसू आलंच.

काय सुंदर सांगत होती! तीन तास. मी नुसती लिहीत होते आणि आतून नाचत होते. गाय, कुत्रा, तारा, सगळे जागच्या जागी. एक "हं" नाही. शेंगदाण्यांची वाटी असती तर रिकामी राहिली असती.

मग फ्लोचार्ट. तीन आकड्यांतला सर्वांत मोठा शोधून छापायचा. आठ मार्क. परातीत आम्ही हा सहा वेळा मांडलेला! तिनं डोळे मिटले, बोटं टेबलावर फिरवायला लागली, आणि सांगत गेली. सुरुवात. तीन आकडे आत घ्या. ए हा बीपेक्षा मोठा आहे का? हो तर इकडे, नाही तर तिकडे. बरोबर. मग शेवटचे दोन शंकरपाळे. ए हा सीपेक्षा मोठा आहे का? हो – सी छापा. नाही – ए छापा.

उलटं! बी आणि सीच्या घरातही तसंच, उलटं. मोठा कोण म्हणून विचारायचं आणि धाकट्याला बक्षीस द्यायचं!

माझं पेन थांबलं नाही. शपथेवर सांगते, थांबलं नाही. जे सांगितलं ते काढलं. हो, नाही, बाण.  मग ती म्हणाली, "वाचून दाखवा."

आता वाचताना एका शब्दावर जरा थांबले असते, "सी छापा" किंचित लांबवलं असतं, तरी तिला कळलं असतं. सुपरवायझर बेनना कधीच कळलं नसतं. आणि आठ मार्क! मे महिन्यात नऊ मार्कांनी गेलेला पेपर हा. रेल्वेचा फॉर्म, गोविंदराव, सावलीचे कारखाने, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि आठवलं – माझा पेपर माझा असला पाहिजे.

वाचलं. कुठेही चढ नाही, उतार नाही. स्टेशनवर गाड्यांची नावं वाचतात तसं. स्वतःचा आवाज मला ओळखू येईना.

तिनं टेबलावरची बोटं उचलून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, पुढचा प्रश्न.

बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, मस्त गेला, काकू. आनंदी रिक्षा घेऊन उभी होती. मी हसले. हसले कशी, देव जाणे!

१६ नोव्हेंबर

बळवंतरावांना सगळं सांगितलं.  मग म्हणाले, बरोबर केलंस. मी म्हटलं, बरोबर केलं तर मग मला चोरी केल्यासारखं का वाटतंय?  चहा केला त्यांनी, आलं घालून. साखर विसरले.

२० नोव्हेंबर

यशश्री मिठाई घेऊन आली, निकालाच्या आधीच! म्हणाली, ही निकालाची नाही, तुमची आहे. सगळा पेपर पुन्हा घोळला आम्ही, एकेक प्रश्न. फ्लोचार्टचं तिनं विचारलं नाही. मीही काढलं नाही. बरं झालं.

सांगू का तिला? निकालाआधी सांगून तिची झोप उडवायची? नाही. निकालानंतर.

८ डिसेंबर

गेल्या आठवड्यात एकदा चार वाजता हात आपोआप परात काढायला गेला. परातीत आता नुसती मेथी निवडते. करमत नाही.

तर यशश्रीच आली! अभ्यास नाही म्हणून काय झालं, चहा तर आहे ना, म्हणाली. तेव्हापासून रोज चारला येते. पेपरात आजच्या बातम्या काय आहेत ते मला वाचायला लावते, आवाज काढून. महानगरपालिकेची पाणीपट्टीची जाहिरात मी रडव्या आवाजात वाचली.

१४ जानेवारी

उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत! गच्चीवर सगळी सोसायटी. उंधियू, चिक्की, आणि वर आभाळ दिसेना एवढे पतंग. यशश्रीनं बळवंतरावांच्या हातून दोरी घेतली. बोटावर दोरी ठेवून ती सांगत होती – आता डावीकडे ओढतोय, आता झोल पडला, आता कोणीतरी अंगावर आलं! आणि एक खेच दिली. समोरच्या गच्चीवरचा लाल पतंग डुलत डुलत खाली. "काप्यो छे!" म्हणून सगळे ओरडले. बळवंतराव सर्वांत मोठ्यानं, जणू यांनीच कापला.

गोविंदराव गच्चीच्या कोपऱ्यात उभे राहून बघत होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, वहिनी, फॉर्म घरी आणून ठेवलाय, पण भरलेला नाही. मी म्हटलं, नकाच भरू. म्हटलं खरं, आणि ते उलटे बाण आठवून तोंडातली चिक्की कडू झाली.

३१ जानेवारी

निकाल कधीही लागेल म्हणतात. देवापुढे दिवा लावला आणि काय मागावं ते सुचेना. आठ मार्क परत मागायचे? तसं मागणंही कॉपीच. नुसतीच उभी राहिले.

२ फेब्रुवारी

पास! पास! पास!!!

दुपारी सव्वाबाराला. यशश्रीचा लॅपटॉप त्याच त्याच्या कोरड्या आवाजात आकडे म्हणून गेला आणि खालून आनंदीची किंकाळी आली. मी हातात लाटणं तसंच घेऊन जिना उतरले. आमच्या पेपरात त्रेचाळीस! तिन्ही मिळून एकशे त्रेपन्न! दीडशे लागतात, तीन जास्त. तीन! आठ मार्क पाण्यात घालूनही तीन जास्त!

यशश्रीनं मला उचललं. मला, सत्तर किलोच्या बाईला! गोविंदराव नुसते फॅनकडे बघत बसले होते. मग उठले, कपाटातून रेल्वेचा फॉर्म काढला, आणि पोरीच्या हातात दिला. म्हणाले, तूच फाड. तिनं फाडला नाही. हातानं चाचपून त्याचे चारही कोपरे आत दुमडले, शंकरपाळा केला, आणि बापाच्या खिशात ठेवून दिला. तेव्हा कुठे त्यांना रडू आलं. आनंदी, मी, बळवंतराव, सगळेच. समोरच्या बेन पेढे घेऊन आल्या आणि आम्हाला रडताना बघून घाबरल्या!

माझ्या छातीवरचा दगड उतरला. उद्या सांगते तिला.

३ फेब्रुवारी

सांगितलं. फ्लोचार्ट उलटा होता, मला तेव्हाच दिसलं होतं, मी बोलले नाही, आणि नंतर तीन महिने तुझ्यासमोर चहा पीत बसले.

यशश्री बशीत चहा ओतत होती. म्हणाली, "काकू, इतक्या महिन्यांत तुम्ही एकदाच तसं सपाट वाचलंत. मला तिथंच कळलं, बाण उलटे झालेत."

मग सुधारलं का नाहीस गं, बाई?

"ते मला तुमच्या आवाजातून कळलं होतं," ती म्हणाली. "माझं मला कळलं नव्हतं."